आधी सर्च कन्सोल की आधी अ‍ॅनालिटिक्स? आणि अ‍ॅनालिटिक्स घ्यायचं तर कुठलं?

नवी वेबसाइट सुरू झाली की बहुतेक जण पहिल्याच दिवशी गूगल अ‍ॅनालिटिक्सचा कोड चिकटवतात आणि ‘आत्ता साइटवर किती जण आहेत’ हा आकडा बघत बसतात. त्यातला एक जण बहुधा ते स्वतःच असतात. सर्च कन्सोलची आठवण मात्र कितीतरी महिन्यांनी होते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

दोन्ही साधनं गूगलची आणि दोन्ही फुकट, त्यामुळे ती एकाच कामाची वाटतात. पण दोघांच्या मधे उंबरठा आहे. सर्च कन्सोल बाहेरचं सांगतं: लोकांनी गूगलवर काय शोधलं, तुमचं पान निकालात किती वेळा दिसलं, किती क्लिक मिळाले, सरासरी कितव्या क्रमांकावर होतं. अ‍ॅनालिटिक्स आतलं सांगतं: माणूस कुठून आला, काय पाहिलं, फॉर्म भरला की तसाच परतला. निकालात तुमचं नाव पाहून पुढे निघून गेलेल्या माणसाचा अ‍ॅनालिटिक्सला पत्ताच नसतो. आणि एसईओची, म्हणजे शोधनिकालात वर येण्याची, निम्मी धडपड त्याच माणसासाठी चाललेली असते.

एके काळी कोणता शब्द शोधून माणूस आला हे अ‍ॅनालिटिक्समध्येच दिसायचं. २०११ मध्ये गूगलने लॉगिन केलेल्या लोकांचे शोध एन्क्रिप्ट करायला सुरुवात केली, २०१३ मध्ये ते जवळजवळ सगळ्यांना लागू झालं, आणि त्या रकान्यात ‘नॉट प्रोव्हायडेड’ एवढंच उरलं. तेव्हापासून गूगलवरचे शोधशब्द हवे असतील तर सर्च कन्सोलच उघडावं लागतं. तिथेही फार कमी लोकांनी वापरलेले शब्द गोपनीयतेसाठी झाकले जातात, म्हणून शब्दांच्या यादीची बेरीज एकूण क्लिकशी जुळत नाही. तुमचं काही चुकलेलं नसतं.

समजा एक पान महिन्यात ४,००० वेळा निकालात दिसलं आणि २० क्लिक मिळाले. सरासरी क्रमांक ४ असेल तर लोक तुम्हाला बघून पुढे जातायत. शीर्षक आणि वर्णन बदलून बघा. क्रमांक ३८ असेल तर शीर्षकाला रंगरंगोटी करून उपयोग नाही, मजकुरातच काम आहे. अ‍ॅनालिटिक्समध्ये दोन्ही प्रकरणांत फक्त ‘२०च्या आसपास लोक आले’ एवढंच दिसलं असतं. तीच गोष्ट इंडेक्सिंगची, म्हणजे पान गूगलच्या यादीत येण्याची. साइट बनवताना टाकलेला, ‘हे पान यादीत घेऊ नका’ सांगणारा ‘नोइंडेक्स’ टॅग काढायचा राहिला, तर अ‍ॅनालिटिक्स गूगलवरून आलेले लोक शून्य दाखवेल. शून्य का, ते सर्च कन्सोल सांगेल.

त्याच्या मर्यादाही मोठ्या आहेत. डेटा १६ महिन्यांचाच. शब्दांच्या यादीत जास्तीत जास्त १,००० ओळी. अंतिम आकडे यायला दोन-तीन दिवस. आणि सगळं फक्त गूगलपुरतं. बिंगसाठी बिंग वेबमास्टर टूल्स वेगळं.

आता आतल्या बाजूचं.

जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स जुलै २०२३ पासून बंद पडत गेलं आणि त्याच्या जागी जीए४ (गूगल अ‍ॅनालिटिक्स ४) आलं. जाहिराती चालवत असाल, किंवा खरेदी-नोंदणीपर्यंतचा माग हवा असेल, तर याला पर्याय शोधायच्या भानगडीत पडू नका. पण बाकीच्यांना ते घरातली पणती लावायला ट्रान्सफॉर्मर बसवल्यासारखं आहे. शब्दांचे अर्थही बदललेत: १० सेकंदांहून जास्त थांबलेलं, किंवा दोन पानं पाहिलेलं, किंवा महत्त्वाची कृती झालेलं सत्र ‘एंगेज्ड’, जे तसं नाही ते बाउन्स. जुन्यात एकच पान पाहून संपलेली भेट बाउन्स धरायचे. म्हणजे जुन्या बाउन्स रेटशी नव्याची तुलना करणाऱ्या अहवालावर विश्वास ठेवू नका. बसवल्याबरोबर एक सेटिंग बदला: तपशीलवार डेटा मूळ सेटिंगमध्ये दोनच महिने राहतो, फुकट आवृत्तीत तो १४ महिने करता येतो. पुसला गेलेला परत येत नाही.

माटोमो, म्हणजे २०१८ पूर्वीचं पिविक, हे दुसरं साधन ओपन सोर्स आहे आणि स्वतःच्या सर्व्हरवर बसतं. डेटा तुमच्या ताब्यात, हवा तितका काळ. पण पीएचपी आणि मायएसक्यूएल ही त्याला लागणारी सॉफ्टवेअरं, अपडेट, बॅकअप हे सगळं तुमच्याच डोक्यावर. सर्व्हर सांभाळणारं माणूस नसेल तर हा हट्ट करू नये.

प्लॉजिबल या तिसऱ्या साधनाचं उलट. सगळा अहवाल एका पानात, कुकी नाही, स्क्रिप्ट अगदी हलकी. त्यांची होस्ट केलेली सेवा सशुल्क आहे. किंमत दुसरीकडेही मोजावी लागते: येणाऱ्याची ओळख दर दिवशी नव्याने तयार होते, त्यामुळे आज आणि उद्या आलेला एकच माणूस दोन म्हणून मोजला जातो. परत येणाऱ्या वाचकांचा अभ्यास करायचा असेल तर हे साधन बाद. लेख कुठला चालतोय एवढंच बघायचं असेल तर मी हेच घेईन.

साधन कुठलंही घ्या, बसवणं तपासा. युनिव्हर्सलच्या काळात एका साइटचा बाउन्स रेट एका रात्रीत जवळजवळ शून्यावर आला आणि आम्ही खूश झालो. टॅग, म्हणजे मोजणीचा कोड, दोनदा पडला होता. प्रत्येक भेट दोन पानांची मोजली जात होती.

दोन्हीकडचे आकडे जुळवायला जाऊ नका. अ‍ॅडब्लॉकर, कुकीला नकार, स्क्रिप्ट चालायच्या आत बंद केलेलं पान, या सगळ्यांमुळे अ‍ॅनालिटिक्समधून माणसं गळतात. सर्च कन्सोलमधला क्लिक मात्र गूगलकडे नोंदलेला असतो. शिवाय सर्च कन्सोलचा दिवस पॅसिफिक वेळेनुसार मोजला जातो. दोन्ही आलेख एकाच दिशेने चाललेत ना, तेवढं बघा.

वेगासाठी अ‍ॅनालिटिक्स उघडायचीच गरज नाही. सर्च कन्सोलच्या कोअर वेब व्हायटल्स अहवालात खऱ्या वापरकर्त्यांचे आकडे असतात: एलसीपी (पानातला सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत, आयएनपी (क्लिकला प्रतिसाद मिळायचा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत, सीएलएस (पानातला मजकूर इकडेतिकडे सरकण्याचं माप) ०.१ पर्यंत, आणि हे ७५ टक्के भेटींत जमायला हवं. आकडे मागच्या २८ दिवसांचे असतात, म्हणून आज केलेली दुरुस्ती उद्या दिसत नाही. पेजस्पीड इन्साइट्समधला शंभरापैकीचा गुण हा एका चाचणीचा असतो. त्याच्यामागे धावून मी बऱ्याच संध्याकाळी घालवल्यात.

तर आज एकच करायचं असेल तर सर्च कन्सोलमध्ये ‘डोमेन’ प्रकाराची प्रॉपर्टी (तुमच्या साइटची नोंद) जोडा आणि डीएनएसमधून, म्हणजे डोमेनच्या नोंदींतून, पडताळणी करा. एचटीटीपी, एचटीटीपीएस, सगळी सबडोमेन एकत्र येतात. डोमेन विकत घेतलं त्याच दिवशी करा, साइट तयार नसली तरी. अ‍ॅनालिटिक्स कुठलं ते महिनाभराने ठरवलं तरी चालेल.