मिदर टॅप की टॅप ओ नॉथ: अ‍ॅबर्डीनजवळचे दोन डोंगर, एकच रविवार

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनहून इन्व्हर्नेसकडे जाणारी रेल्वे वाटेत इन्व्हरुरी, इन्श आणि हंटलीला थांबते. तिन्ही गावं शेतीवर वाढलेली. इन्व्हरुरीशेजारी थेनस्टनला गुरांचा मोठा बाजार आहे, आणि हंटलीच्या आसपास जिकडेतिकडे बार्ली, मेंढ्या नि बिनशिंगाची काळी अ‍ॅबर्डीन अँगस गुरं. या पट्ट्यात चढायला दोन डोंगर आहेत: इन्व्हरुरीवरचा बेनाही, म्हणजे त्याचं मिदर टॅप हे टोक, आणि हंटलीच्या दक्षिणेला ऱ्हायनी गावावर उभा टॅप ओ नॉथ. दोन्हींच्या माथ्यावर किल्ला आहे, त्यामुळे सह्याद्रीत पाय घासलेल्या माणसाचा गोंधळ उडतो.

उंचीवरून काही ठरवू नका. मिदर टॅप ५१८ मीटर, टॅप ओ नॉथ ५६३. बेनाहीचं सर्वांत उंच टोक खरं तर ऑक्सन क्रेग आहे, पण तिकडे फारसं कुणी बघत नाही, कारण नजर मिदर टॅपच्या ग्रॅनाइटच्या सुळक्यावरच खिळते.

पोहोचण्यात मात्र मोठा फरक आहे. इन्व्हरुरी स्टेशनवरून बेनाहीचं व्हिजिटर सेंटर टॅक्सीने आठ-दहा किलोमीटरवर. तिथे स्वच्छतागृह आहे, वाटांवर खुणा आहेत, सुट्टीच्या दिवशी सोबतीला माणसंही असतात. जाऊन-येऊन सहा-सात किलोमीटर, रमतगमत तीन तास. आधी झाडी, मग हेदरचं, म्हणजे जांभळ्या फुलांच्या खुरट्या झुडपांचं, उघडं रान, शेवटी दगडी पायऱ्या आणि सुळक्याला वळसा घालताना छोटासा रॉक पॅच. सात-आठ वर्षांची मुलं तो हसतखेळत करतात. गुडघे कुरकुरणाऱ्या आईबाबांनी तटबंदीपाशी बसून दृश्य पाहिलं तरी चालतं.

टॅप ओ नॉथला गाडी हवीच. हंटलीपासून ऱ्हायनी चौदा-पंधरा किलोमीटर, तिथून पुढे छोटं पार्किंग, आणि बाकी काही नाही. चहा नाही, स्वच्छतागृह नाही. अंतर कमी, पाच-सहा किलोमीटर, पण वाट कुरणांतून जाते आणि मग सरळ अंगावर येणारा उघडा चढ. वारा असेल तर तो चुकवायला एक झाडही मिळत नाही.

आता किल्ल्यांबद्दल, कारण खरा निवाडा तिथेच होतो. मिदर टॅपची तटबंदी पिक्ट लोकांच्या, म्हणजे या भागातल्या प्राचीन रहिवाशांच्या, काळातली, साधारण सातव्या-आठव्या शतकातली. मेडन कॉजवे नावाच्या जुन्या वाटेने चढलात तर भिंतींमधल्या प्रवेशमार्गातून आत शिरता येतं, आणि दरवाजा ओळखायला कुणी सांगावं लागत नाही. इसवी सन ८३ च्या सुमाराला रोमन सैन्याशी झालेली मॉन्स ग्रॉपियसची लढाई याच पायथ्याशी झाली असं मानणारेही आहेत. बाकीचे दुसऱ्या डोंगरांकडे बोट दाखवतात. मला यापेक्षा उतरतानाची पडकी घरं जास्त बोलकी वाटतात. एकोणिसाव्या शतकात भूमिहीन कुटुंबांनी इथल्या सामायिक गायरानावर घरं बांधून शेतं काढली होती. १८५९ मध्ये आसपासच्या जमीनदारांनी ते गायरान आपसांत वाटून घेतलं आणि ही माणसं एका फटक्यात कुळं झाली. व्हिजिटर सेंटरपासून जवळच त्यांची जोती आजही दिसतात.

टॅप ओ नॉथवर बुरूज, दरवाजा शोधाल तर निराश व्हाल. माथ्यावर सुमारे शंभर मीटर लांबीचं आयताकृती आवार आहे आणि त्याच्या भिंतीचे दगड चक्क वितळून एकमेकांना चिकटलेत. दगडांत लाकडी तुळया घातलेल्या भिंतीला प्रचंड आग लागली की असं होतं. आग शत्रूने लावली की विधी म्हणून मुद्दाम, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. वाकून बघा, दगडावर बुडबुडे दिसतील. आत एक खड्डा आहे, तो विहिरीचा किंवा टाक्याचा असावा. हा माथ्यावरचा किल्ला इसवी सनाच्या आधीचा, पण खालच्या उतारावरची वस्ती तिसऱ्या ते सहाव्या शतकातली निघाली. अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या पथकाने २०२० मध्ये तिथे सुमारे आठशे घरांच्या जागा असल्याचं जाहीर केलं. त्या बहुतेक हवाई सर्वेक्षणातच उमटतात; चालताना दिसतात ते गवताखालचे किंचित सपाट तुकडे. ज्याला असं ओसाड रान वाचायची सवय आहे, त्याला इथून पाय निघत नाही. ज्याला नाही, त्याला हा वाऱ्याचा, मेंढ्यांचा डोंगर वाटेल, आणि त्यात त्याची चूक नाही.

दृश्य? मिदर टॅपवरून शेतांचा पट आणि स्वच्छ दिवशी समुद्र. टॅप ओ नॉथवरून कॅब्राखचं मोकळं माळरान आणि पवनचक्क्या. गर्दी नको असेल तर दुसरा.

कुत्रा बरोबर असेल तर बेनाही सोपा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक सगळ्या जमिनीवर जबाबदारीने चालायचा हक्क दिलाय, पण मेंढ्यांमागे कुत्रा लागला तर ४०,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. एप्रिल-मेमध्ये कोकरं असतात, तेव्हा टॅप ओ नॉथच्या कुरणांत साखळी सोडूच नका. आणि फाटक जसं सापडलं तसंच ठेवून पुढे जा.

माझा कौल असा: गाडी नाही, मुलं बरोबर आहेत किंवा भारतातून पाहुणे आलेत, तर डोळे झाकून मिदर टॅप, शक्यतो ऑगस्टमध्ये, हेदर फुललेला असताना. गाडी आहे आणि बरोबरचा माणूस दगडापाशी अर्धा तास थांबणाऱ्यांतला आहे, तर टॅप ओ नॉथ. जूनमध्ये उजेड जवळजवळ अठरा तास असतो, त्यामुळे सकाळी एक नि दुपारी दुसरा, असंही जमतं. डिसेंबरात मात्र साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा फक्त मिदर टॅप घ्या, दहाच्या आत चढायला लागा आणि हेडटॉर्च बॅगेत असू द्या.