रस्ता फोडायचा की खालून ड्रिल मारायचं?

केबल किंवा गॅसची लाइन टाकायची तर जुनी पद्धत सोपी: चर खोदा, पाइप डोळ्यांदेखत बसवा, माती लोटा. जेसीबी कुठेही मिळतो, खर्चही आटोक्यात. पण नीट न दाबलेली माती पहिल्याच पावसात खचते आणि रस्ताभर लांबलचक खळगा पडतो, हे पुणे-मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

एचडीडीत, म्हणजे रस्ता न फोडता जमिनीखालून आडवं ड्रिल मारण्यात, दोन टोकांना दोन खड्डे पुरतात. आधी बारीक पायलट बोअर, म्हणजे वाट आखणारं पहिलं भोक. ड्रिलच्या डोक्यामागचा ट्रान्समीटर सिग्नल देतो, वर लोकेटर घेऊन चालणारा माणूस खोली सांगतो, मशीनवाला त्याप्रमाणे दिशा वळवतो. मग रीमरने भोक पाइपच्या साधारण दीडपट रुंद करून एचडीपीई (चिवट प्लास्टिकचा) पाइप आतून ओढून घ्यायचा. बेंटोनाइट या चिकणमातीचा घोळ भोक ढासळू देत नाही. रेल्वे, नदी, हायवे ओलांडायला याला तोड नाही.

मात्र खालचं काही दिसत नाही. जुन्या लाइनींचा नकाशा चुकला की दुसऱ्याचीच गॅसलाइन फुटायची! म्हणून जिथे जुनी लाइन वाटेत आडवी येते तिथे हाताने चाचणी खड्डा घ्याच. दख्खनच्या काळ्या कातळात कामही रखडतं. आणि उतारावर वाहणाऱ्या ड्रेनेजसाठी मी तरी चरच खोदेन. तिथला ढाळ सेंटिमीटरात मोजतात.