छपरावरचा तंबू आणि खान्देशचं ऊन: नऊ महिन्यांचा हिशेब

मागच्या ऑक्टोबरात गाडीच्या छपरावर तंबू बसवला. आता जून संपत आलाय. एवढ्या काळात त्यात २३ रात्री झोपलो, आणि त्यातल्या १९ होळीच्या आधीच्या आहेत. ज्याला घाई असेल त्याने एवढा आकडा लक्षात ठेवला तरी माझं निम्मं म्हणणं पोहोचलं.

माझं शिरपूरला ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. शेतं बघायला रोजचं फिरणं, म्हणून जुनी डिझेल फोर-बाय-फोर घेतली होती, लो गिअर असलेली. दुकानाच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुडा रोज दिसतो. रोज दिसणाऱ्या डोंगरात आपण एकदाही मुक्कामाला गेलो नाही, हे चाळिशीनंतर टोचायला लागलं. आधी जमिनीवरचा साधा तंबू घेऊन दोनदा गेलो. एकदा सकाळी बुटात विंचू निघाला. त्यानंतर सौ.ने सांगून टाकलं की जमिनीवर ती झोपणार नाही, आणि म्हणून हा छपरावरचा खटाटोप.

तंबू घडीचा, कापडी, दोन माणसांचा. पॉलिकॉटन कापड, त्यावर पावसासाठी वेगळं आवरण, आत सहा सेंटिमीटरची गादी, उतरायला शिडी. वजन ५८ किलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतले सगळे तंबू जवळपास एकाच साच्यातले आहेत. मी तिघांचे उघडून बघितले, शिडीच्या बिजागऱ्यासुद्धा सारख्याच. शिडी-गादीसकट ७८ हजार पडले. हा पैसा वसूल झाला का, ते पुढे येईलच.

बसवताना पहिली चूक माझीच. गाडीच्या पुस्तकात छपरावर ७५ किलो चालतात असं लिहिलंय. मी वेल्डिंगवाल्याकडून मजबूत लोखंडी कॅरिअर करून घेतला, तो एकटाच २४ किलोचा निघाला. म्हणजे तंबूसकट ८२. बरेच लोक विचारतात, मग आत दोन माणसं झोपली की छप्पर बसणार नाही का? नाही बसत. पुस्तकातला आकडा चालत्या गाडीचा असतो, खड्ड्यात आपटताना आणि वळणावर झुकताना जो जोर येतो त्यासाठीचा. उभ्या गाडीचं छप्पर त्याच्या कितीतरी पट पेलतं. पण चालत्या गाडीचा आकडा मात्र खरा मानायचा. तोरणमाळच्या सात पायरी घाटात तिसऱ्या वळणाला गाडी अशी कलली की सौ.ने वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. उतरल्यावर लोखंडी कॅरिअर भंगारात दिला आणि ॲल्युमिनियमच्या दोन आडव्या पट्ट्या लावल्या, ९ किलोच्या. फरक लगेच जाणवला. तरी ॲव्हरेज १३ वरून ११ वर आलंय, ते आलंच. वाऱ्याला छाती काढून उभं राहिलेलं धूड आहे ते.

तोरणमाळची ती पहिली रात्र मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. नोव्हेंबरचा शेवट, यशवंत तलावापासून थोडं अलीकडे, विचारून एका घराच्या अंगणात गाडी लावली. उघडायला पहिल्यांदा २५ मिनिटं लागली, आता सहा-सात लागतात. वर चढून झोपलो, खिडकीतून चांदणं, थंडी कडक. पहाटे पाठ ओली. आधी वाटलं तंबू गळतोय, पण दव नव्हतं की पाऊस नव्हता. दोन माणसांचा श्वास रात्रभर तंबूच्या तळाच्या गार पत्र्याला लागून गादीखाली पाणी साचलं होतं. दुकानदाराने यावर एक जाळीदार चटई दाखवली, साडेपाच हजारांची. मी काथ्याची पायपुसणी आणून गादीखाली टाकली, चार नग. तेव्हापासून गादी कोरडी. दोन्ही बाजूंच्या खिडक्या चार बोटं उघड्या ठेवायच्या, थंडी कितीही असो. गोधडी जाड घ्यावी, खिडकी बंद करू नये.

डिसेंबर-जानेवारीत हा तंबू राजा आहे. धुळ्याकडे पारा सहा-सातपर्यंत उतरतो तेव्हा जमिनीची गारठ वर येत नाही आणि वारा खालून निघून जातो. अडावदजवळच्या उनपदेवला गेलो होतो, तिथे रात्र तंबूत आणि सकाळी कुंडाच्या गरम पाण्याने आंघोळ. चहा, दादरची (म्हणजे ज्वारीची) भाकरी, मिरचीचा ठेचा. त्या सकाळी ७८ हजारांचा विषय निघाला नाही.

आता जे खरं सांगायचंय ते. या सगळ्या खर्चात प्रवास ज्याने शक्य झाला ती वस्तू तंबू नव्हेच. ती आहे टायरमधली हवा कमी-जास्त करायचं सामान: हवा मोजायचा काटा, हवा भरायचा एक बरा कॉम्प्रेसर आणि पंक्चरच्या भोकात घालायच्या दोऱ्या. सगळं मिळून सात हजारांच्या आत.

तळोद्याहून चांदसैली घाट चढून धडगावकडे, तिथून बिलगावच्या धबधब्याकडे किंवा नर्मदेच्या पाण्याकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटांवर सुटा दगड आहे. मोठा नाही, नारळाएवढा, पण कडा धारेच्या. रस्त्यावरच्या ३४ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) गाडी त्यावरून उड्या मारत जाते, दगड टायरला फोडू बघतो आणि तुमचं डोकं छपराला. हवा २० वर आणली की टायर दगडाला कवेत घेतं. तीच वाट, तोच दगड, आणि आतल्या डब्यातली वरणबट्टी सांडत नाही. धडगावच्या पुढे एका चढावर मी लो गिअर, फोर-व्हील, सगळं लावून तीनदा घसरलो. मागून जीपवाला आला, सोळा माणसं आणि दोन बोकड भरलेला. तो उतरला, माझ्या टायरला लाथ मारली, हसला. हवा सोडली आणि पहिल्या फेरीत वर. त्याच्या जीपला फोर-व्हील नव्हतंच.

हवा सोडणं सोपं, परत भरणं हा व्याप. सिगारेट लायटरला लावायचा स्वस्त कॉम्प्रेसर घेतला होता, त्याने दुसऱ्या टायरला फ्यूज उडवला. चिमट्याने थेट बॅटरीला लागणारा घ्या. चारही टायर २० वरून ३४ वर न्यायला माझा वीस मिनिटं घेतो, आणि दोन टायर झाले की त्याला गार होऊ देतो. कमी हवेने डांबरी रस्त्यावर पळवायचं नाही, टायर तापून फाटतं. आणि हवा मोजायची पहाटे, गाडी हलवायच्या आधी. दर पाच-सहा अंशांना साधारण १ पीएसआय चढतो. आपल्याकडे पहाटे २५ आणि दुपारी ४३ असं असताना दुपारी काट्यावर दिसलेली हवा खरी समजून कोणी सोडली, की दुसऱ्या दिवशी पहाटे टायर बसकण मारून बसलेलं.

पंक्चर नऊ महिन्यांत पाच. चार बाभळीच्या काट्यांनी, एक दगडाने बाजूची भिंत कापली. काटा लागला तर उपटायचा नाही, आधी दोरी तयार ठेवायची, मग उपटायचा. बाजूची भिंत फाटली तर दोरी चालत नाही, स्टेपनीच लागते. म्हणून चांदसैलीच्या पुढे एका स्टेपनीवर जायचं की दोन घ्यायच्या यावर माझा आणि मेव्हण्याचा वाद अजून चालू आहे. दुसरी ठेवायची तर ती छपरावर, आणि छपरावर आता जागा कुणाची आहे ते वर लिहिलंच आहे.

फेब्रुवारीत साक्रीकडे गेलो. सातपुड्यातून आलं की हा मुलूख नागडा वाटतो: उघडे डोंगर, पवनचक्क्या, आणि मैलोन्‌मैल सरळ गेलेल्या काळ्या दगडांच्या भिंती. माणसाने बांधल्यासारख्या दिसतात, पण त्या डाइक आहेत. दख्खनच्या लाव्ह्याला भेगा पडल्या, त्यात खालून आणखी लाव्हा वर आला आणि तिथेच गोठला. आजूबाजूचा मऊ दगड झिजला, ती भिंत उभी राहिली. धुळे-नंदुरबारकडे अशा कितीतरी आहेत. मुक्कामाला यांच्यासारखी जागा नाही. भिंत दक्षिणोत्तर असेल आणि गाडी पूर्वेच्या अंगाला लावली तर पश्चिमेचा वारा अडतो, पश्चिमेच्या अंगाला लावली तर सकाळी साडेआठपर्यंत सावली मिळते. दोन्ही एकदम मिळत नाही, काय हवं ते संध्याकाळीच ठरवायचं. मी सावली घेतली. रात्रभर वरचं आवरण फडफडत राहिलं, जणू कुणी कानाशी गोणपाट झटकतंय. वारा असेल आणि पावसाची शक्यता नसेल तर ते आवरण काढून गाडीत टाका. सकाळी एक मेंढपाळ काका आले, दोनदा गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "काय भो, घरच डोकावर लई फिरी राह्यना का?" चहा घेऊन गेले. जाताना जवळची विहीर दाखवून गेले, जी नकाशात नव्हती.

मार्चपासून उतरती कळा. आमच्याकडे मे महिन्यात ४४-४५ नेहमीचं. दिवसभर तापलेल्या छपरावर घडी उलगडली की गादी तव्यासारखी. रात्री दहाला आत झोपून बघितलं, अर्ध्या तासात खाली आलो. वारा येतो पण तो लू असतो. एप्रिलपासून मी गाडीत नवारीची खाट ठेवतो, घडीची, नऊशे रुपयांची. गाडीशेजारी टाकायची, चार पायांखाली पाण्याच्या चार वाट्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. सौ. वर झोपायला तयार नाही आणि खाली विंचवाला घाबरते, म्हणून उन्हाळ्यात ती येतच नाही. तिला खाटेची उंची दाखवली, वाट्या दाखवल्या. म्हणाली, विंचवाला पोहता येत असेल तर?

उन्हात प्लास्टिकचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको, दिवसभर तेच विकतो. आमच्या ठिबकच्या नळ्यांत ऊन सोसावं म्हणून कार्बन ब्लॅक घालतात, म्हणून त्या काळ्या असतात. या तंबूच्या बकलांत तसलं काही असावं असं वाटत नाही. मे अखेरीस तीन बकलं बोटांत तुटली, चेनची घोडी अडकायला लागली, आवरणाचा दक्षिणेकडचा भाग फिका पडला. दुकानदार म्हणाला, वॉरंटीत ऊन येत नाही. खान्देशात माल विकतोय आणि वॉरंटीत ऊन येत नाही! फिरत नसाल तेव्हा तंबू उतरवून सावलीत ठेवा. उतरवायला चार माणसं लागतात, हे खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही.

बारा व्होल्टचा फ्रीजही घेतला होता. रात्री दोनला बॅटरी उतरली की आपोआप बंद, सकाळी दूध नासलेलं. विकला. आता आरशाला छागल, म्हणजे पाण्याची पिशवी, लटकवतो, जुन्या कॅनव्हासची. चालत्या गाडीच्या वाऱ्याने पाझरतं पाणी सुकतं आणि आतलं गार होतं. हवा कोरडी असल्यामुळे आमच्याकडे ती जितकी चालते तितकी कोकणात चालणार नाही. पाणी मात्र भरपूर घ्या. थंडीत माणशी पाच लिटर पुरतं, एप्रिलनंतर मी दहा धरतो. गॅसचे छोटे डबे बंद गाडीत उन्हात ठेवू नयेत. आणि साग-अंजनाच्या रानात पानगळ झाल्यावर उघड्यावर चूल नको, एक ठिणगी डोंगर पेटवते.

मुक्काम कुठे करायचा यात वाद नको. यावल आणि अनेर ही अभयारण्यं आहेत, तिथे मनाला येईल तिथे तंबू उघडायचा नाही. यावल अभयारण्यातल्या पाल गावाला जायचं तर वनखात्याला विचारून विश्रामगृहात. बाकी पाड्यावर आधी पोलीस पाटलाला भेटतो. नदीच्या कोरड्या पात्रात सपाट वाळू कितीही मोहात पाडो, झोपायचं नाही. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली तुम्हाला विचारून येत नाही.

पाऊस म्हटल्यावर जूनचं सांगून टाकतो. पहिला दणका बसला तेव्हा मी तापीकाठच्या एका शेतवाटेवर होतो. काळी कसदार माती, ओली झाली की चारही टायर लाडूसारखे गोल. फोर-व्हील, लो गिअर, कमी हवा, काही उपयोग नाही. टायरची नक्षी भरली की संपलं. टायरखाली घालायच्या प्लास्टिकच्या फळ्या होत्या, दोन्ही मातीत गेल्या, एक अजून तिथेच आहे. रात्र वर काढली. तंबू दोन शिवणींतून गळला, नंतर त्यांना मेण लावलं. सकाळी ट्रॅक्टरने काढलं, पैसे घेतले नाहीत, ठिबकच्या बिलात बघू म्हणाला.

घ्यावा का? वर्षातले चार महिने फिरणार असाल, गाडी भक्कम असेल आणि उतरवायला घरात चार माणसं असतील तर घ्या, पण जुना मिळाला तर बघा. उन्हाळ्यात विकणारे पुष्कळ असतात. एक आणखी: तंबू उघडला की गाडी हलत नाही. दूध आणायला जायचं तर आधी घर आवरा. सकाळी सहाला हे फार जाणवतं.

मी विकणार नाहीये. गेल्या रविवारी दुकानातल्या पोरांनी धरून उतरवला, माळ्यावर १६ एमएमच्या नळ्यांच्या बंडलांमागे ठेवलाय. नवी बकलं धुळ्याहून आणली आहेत, लोखंडी. सौ.ने दिवाळीनंतरचं उनपदेव कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.