सीडरच्या फळीवर सॅमन : सात महिन्यांच्या वापरानंतर

पातळ फळ्या घेऊ नका. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळपास दर आठवड्याला ग्रिलवर सीडरच्या लाकडाची भिजवलेली फळी ठेवून तिच्यावर सॅमन करून झाल्यावर सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं. अमेरिकेतल्या दुकानांत ग्रिलसाठीच्या सीडरच्या फळ्या मुख्यतः दोन जाडींत दिसतात : पाव इंच (६ मिमी) आणि ७/१६ इंच (११ मिमी). लांबी-रुंदी दोन्हींची सारखीच, साधारण १५ बाय ५.५ इंच. पातळ फळी स्वस्त पडते, लवकर भिजते, पण खालून करपत आग वरच्या अंगाला पोचायला तिला पंधरा मिनिटं पुरतात. इंचभर जाड तुकडीला शिजायला तेवढाच वेळ लागतो, म्हणजे हाताशी सवडच राहत नाही. वारा सुटला किंवा ग्रिल जरा जास्त तापली की मासा अर्धा कच्चा आणि फळीच्या कडा पेटलेल्या. ११ मिमीची फळी त्याच आचेवर अर्धा तास निभावून नेते. पातळ फळ्या घरात असतीलच तर त्या कोळंबीसाठी किंवा शेपटाकडच्या बारीक तुकड्यांसाठी ठेवाव्यात. आठ-दहा मिनिटांच्या कामाला त्या चालतात.

फळी म्हणजे तवा नव्हे, हे पक्कं ध्यानात घेतलं की निम्म्या चुका टळतात. लाकूड उष्णता फार सावकाश पुढे सरकवतं, आणि भिजलेल्या फळीतलं पाणी उडेपर्यंत तिचा वरचा भाग १०० अंश सेल्सिअसच्या फारसा वर जात नाही. त्यामुळे माशाला खालून मंद, ओलसर धग मिळते, वरून झाकणाखालची गरम हवा त्याला शेकते, आणि फळीचं बूड धुमसून सुटलेला धूर कडांवरून वर येऊन त्याच्यावर बसतो. मासा उलटावा लागत नाही, जाळीला चिकटत नाही, तुकडी मोडत नाही. पण खालची कातडी कधीच कुरकुरीत होणार नाही. रवा लावून तव्यावर तळलेल्या तुकडीची चव हवी असेल त्याने तवाच घ्यावा. केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेल्या मासळीशी याचं नातं जास्त जवळचं.

लाकूड कोणतं, यात घोटाळा होतो तो नावामुळे. या फळ्या वेस्टर्न रेड सीडरच्या, म्हणजे थुजा प्लिकाटा या झाडाच्या असतात. वॉशिंग्टन, ऑरेगन, ब्रिटिश कोलंबिया या पट्ट्यात ते वाढतं, लाकूड हलकं असतं आणि त्यात राळ फार कमी असते. शब्दकोशात सीडर म्हणजे देवदार, पण हिमालयातला देवदार वेगळ्या कुळातला आणि तेलकट लाकडाचा. त्याची फळी चालणार नाही. अमेरिकेतच ईस्टर्न रेड सीडर नावाचं आणखी एक लाकूड मिळतं. कपड्यांना कसर लागू नये म्हणून त्याच्या चकत्या कपाटात ठेवतात. ते खरं तर जुनिपर नावाचं वेगळंच झाड, त्याचा वास फार उग्र, ते ग्रिलवर नको. पाइनही नको, राळेचा काळा धूर माशाला धरतो. इमारती लाकडाच्या दुकानातून फळी कापून आणली तर स्वस्त पडते खरी, पण ती प्रक्रिया न केलेलीच आहे याची खात्री करून घ्या. किडीपासून वाचवण्यासाठी लाकडात मुरवलेली तांब्याची संयुगं अन्नात जाता कामा नयेत. घराबाहेरच्या जुन्या लाकडी ओट्याच्या (डेकच्या) फळ्यांना तर हातही लावू नये. २००३ संपेपर्यंत अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडातही आर्सेनिकयुक्त रसायन सर्रास मुरवलं जायचं.

सीडरचा वास ज्यांना जास्त वाटतो त्यांनी आल्डर या झाडाची फळी घ्यावी, धूर सौम्य असतो. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या सॅमन सीडरच्या काठ्यांना लावून आल्डरच्या विस्तवाशेजारी उभा शेकत आले आहेत. ही दोन लाकडं आणि हा मासा यांची सांगड त्यांचीच.

आता भिजवणं. ११ मिमीच्या फळीला किमान एक तास, दोन तास उत्तम. सीडर पाण्यावर तरंगतं, म्हणून ओव्हनच्या ट्रेमध्ये फळी ठेवून वर पाण्याने भरलेलं जड पातेलं ठेवायचं, नाहीतर एक बाजू कोरडी राहते आणि ग्रिलवर फळी होडीसारखी वाकते. रात्रभर भिजवून फार काही पदरात पडत नाही. पाणी लाकडात खोलवर जातच नाही, ते पृष्ठभागात आणि कापलेल्या टोकांत शिरतं. आग टोकांनाच आधी लागते, तेव्हा तेवढंही पुरेसं असतं. पाण्यात वाइन, सफरचंदाचा रस वगैरे घालून पाहिलं, माशात काही फरक कळला नाही. साधं पाणी वापरा.

तीन बर्नरच्या गॅस ग्रिलवर तिन्ही बर्नर लावून झाकण बंद ठेवून दहा मिनिटं तापवायचं. मग भिजलेली फळी रिकामीच मध्यम आचेवर थेट ठेवून झाकण लावायचं. इथे घड्याळापेक्षा कान महत्त्वाचे. तीन ते पाच मिनिटांत आतून तडतड ऐकू येते, आधी विरळ, मग मोहरी फुटल्यासारखी भराभर, आणि झाकणाच्या फटीतून पांढरट धुराची पहिली रेघ निघते. झाकण उघडून फळी उलटायची. वर आलेली बाजू तपकिरी, कडांना काळसर झालेली असते, आणि मासा तिच्यावरच ठेवायचा. पुष्कळजण ही पायरी गाळतात आणि मग धुराची चवच आली नाही म्हणतात. आधी तापवल्याने दोन कामं होतात : धूर मासा ठेवल्यापासूनच मिळतो, आणि एका बाजूने वाकलेली फळी उलटल्यावर वजनाखाली पुन्हा सपाट होते. मासा ठेवला की फळीखालचा बर्नर अगदी बारीक किंवा बंद, कडेचे दोन मध्यम. झाकणाखाली ३७५ ते ४०० अंश फॅरनहाइट (१९० ते २०० सेल्सिअस) हवं. झाकणावरचा काटा वरच्या हवेचं तापमान दाखवतो, फळीजवळ ते बरंच वेगळं असू शकतं, म्हणून जाळीवर ठेवायचा वेगळा थर्मामीटर घेतलेला बरा.

कोळशाच्या २२ इंची केटलवर (गोल, झाकणाच्या ग्रिलवर) चिमणीतले, म्हणजे कोळसा पेटवायच्या नळकांड्यातले, अर्ध्याहून थोडे जास्त निखारे एका बाजूला ओतायचे. फळी निखाऱ्यांवर तापवायची आणि मासा ठेवल्यावर दुसऱ्या बाजूला सरकवायची. वरचं झडप माशाच्या डोक्यावर येईल असं झाकण फिरवलं की धूर माशावरून जातो. निखाऱ्यांवर आणखी लाकडाच्या ढलप्या टाकू नयेत, धूर कडवट होतो.

माशाची निवड. अटलांटिक, म्हणजे मत्स्यशेतीत वाढवलेला सॅमन, चरबीदार असतो आणि दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी सांभाळून घेतो. सुरुवात त्याच्यावर करावी. किंग, कोहो आणि सॉकआय या जंगली सॅमनच्या जाती. त्यांत किंग सगळ्यात उत्तम, जाड आणि तेलकट, धूर त्याला शोभतो. कोहो मधला. सॉकआयचा रंग सुरेख, पण अंगात चरबी कमी आणि तुकडी पातळ. अलास्कातल्या कॉपर रिव्हर नदीचा सॉकआय मेच्या मध्यावर बाजारात येतो तेव्हा सगळे त्याच्यावर उड्या टाकतात, आणि फळीवर सगळ्यात जास्त वाया जातो तोही तोच, कारण किंगच्या वेळा त्याला लावल्या जातात. त्याला आठ-दहा मिनिटं पुरतात.

एका फळीवर दीड पाउंड (६८० ग्रॅम) मधला भाग नीट बसतो. चारी बाजूंनी बोटभर जागा मोकळी राहू द्या. मासा कडेबाहेर आला की चरबी खाली ठिबकते आणि भडका तिथूनच होतो. काटे चिमट्याने, डोक्याकडे तिरपे ओढून काढायचे. शेपटाकडचा भाग असेल तर पातळ टोक खाली दुमडायचं. कातडी काढू नका. ती फळीला चिकटून राहते आणि उलथनं कातडी-मांसामध्ये सरकवलं की तुकडी अलगद सुटते.

मीठ शिजवण्याआधी. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, त्यात मासा २० मिनिटं, मग पेपर नॅपकिनने खरोखर कोरडा करून फ्रिजमध्ये अर्धा तास उघडा. याचा फायदा डोळ्यांना दिसतो. सॅमन तापला की तुकडीच्या भेगांतून पांढरा, दह्याच्या कवडीसारखा ऐवज बाहेर येतो. ते माशातलं अल्ब्युमिन, खायला निर्धोक, पण ते जितकं जास्त तितकं मांस आत आकसलेलं आणि रस बाहेर पडलेला. मिठाच्या पाण्याने ते खूप कमी होतं. तरीही चादर पसरल्यासारखं आलं तर आच जास्त झाली आहे असं समजा.

मसाल्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या पद्धतीचं वाटण थेट लावलं की हमखास फसतं. फळीवर तेल तापत नाही आणि ओल्या वाटणाखालचा भाग पंधरा मिनिटांत परतला जात नाही. कच्चं आलं-लसूण कच्चंच राहतं, आणि जाड थर दिला तर धूर त्यात अडतो, मासा त्याच्याखाली उकडल्यासारखा लागतो. म्हणून आलं-लसूण चमचाभर तेलात कच्चा वास जाईपर्यंत परतून मगच लावा. मालवणी मसाला इथे फार छान चालतो, कारण त्यातले जिन्नस आधीच भाजलेले असतात. ६८० ग्रॅमला दोन चहाचे चमचे मसाला, पाव चमचा हळद, एक मोठा चमचा कोमट तेल, एवढाच पातळ हात फिरवायचा. मिठाच्या पाण्यात मासा ठेवला असेल तर वेगळं मीठ नको, आणि मसाल्यात मीठ आहे का तेही पाहा. कोकमाचं आगळ किंवा लिंबू आधी लावून ठेवलं तर वरचा थर पांढरा आणि खडूसारखा होतो. आंबट ताटात, वरून. हिरवी चटणीही वेगळी वाढलेली बरी. गोड काही लावायचं असेल, तिकडची मोहरी-ब्राउन शुगर किंवा आपला चिकीचा गूळ आणि तिखट, तर ते शेवटच्या पाच मिनिटांत.

‘इंडियन सॅमन’ हे नाव पाहून कुणी रावस फळीवर ठेवणार असेल तर : रावस हा सॅमन नव्हेच, थ्रेडफिन कुळातला मासा. त्याच्यात सॅमनएवढी चरबी नाही. होतो, चांगला होतो, पण वरून तेलाचा हात सढळ हवा, आणि शिजला की लगेच उतरवायला हवा.

शिजण्याचा वेळ : इंचभर जाडीला १२ ते १५ मिनिटं, दीड इंचाला १८ ते २२. झाकण दर दोन मिनिटांनी उघडायचं नाही. दर वेळी धग जाते आणि धुमसणाऱ्या कडांना हवा मिळून त्या पेटतात. दहाव्या मिनिटाला सुईचा थर्मामीटर सगळ्यात जाड भागात आडवा खुपसायचा. अमेरिकी सरकारी सल्ला १४५ फॅरनहाइटचा (६३ सेल्सिअस) आहे. गर्भारपण, लहान मुलं, आजारी माणसं असतील किंवा मासा कधीच गोठवलेला नसलेला जंगली असेल तर तोच पाळावा, कारण जंगली सॅमनमध्ये परजीवी असू शकतात. शेतीतला किंवा नीट गोठवलेला मासा पुष्कळजण १२५ ला (५२ सेल्सिअस) उतरवतात. फळी गरम असल्याने पाच मिनिटांत तो आणखी पाचेक अंश चढतो. त्या अवस्थेत काट्याने हलकेच दाबलं की पाकळ्या एकमेकींवरून घसरतात आणि मध्ये थोडी अर्धपारदर्शक रेघ दिसते.

पेटल्यावर काय करायचं? आधी झाकण लावा. हवा तुटली की कडांची आग बहुधा बसते. पाण्याची फवारणी बाटली शेजारी असावी, पण फवारा फक्त लाकडाच्या कडेवर मारायचा, पेटलेल्या चरबीवर नाही, आणि निखाऱ्यांवर तर नाहीच, राख उडून माशावर बसते. मासा कडू लागला तर फळीचा वरचा भाग काळा पडला आहे का ते पाहा. धुराची चव तपकिरी लाकडातून येते, कोळसा झालेल्यातून फक्त कडवटपणा. धूर आलाच नाही तर आच कमी पडली. ऑक्टोबरच्या पावसा-वाऱ्यात ३७५ पर्यंत पोचायला कडेचे बर्नर पूर्ण लावावे लागले.

वाढताना फळी जाळीवरून थेट टेबलावर नेण्याची हौस आवरा. तिच्या बुडाला निखारे असतात. दोन रुंद उलथनी, खाली पालथा ट्रे, आणि मासा निघाला की फळी पाण्याच्या बादलीत. कचऱ्याच्या डब्यात तासाभराने धुमसायला लागू शकते. अपार्टमेंटच्या बाल्कनीत अशी ग्रिल चालते का, हे आधी इमारतीच्या नियमांत पाहावं, पुष्कळ ठिकाणी मनाई असते.

बारा फळ्यांच्या गठ्ठ्यातल्या दोन निरुपयोगी निघाल्या, दोन्हींत आरपार गाठ होती. तापल्यावर गाठीभोवतीचं लाकूड उललं आणि चरबी सरळ खाली गेली. उघड्यावर विकायला ठेवलेल्या असतील तर उजेडासमोर धरून पाहून घ्या.

जाड फळी दोनदा, नशिबाने तीनदा चालते. बूड निम्म्यापेक्षा जास्त काळं झालं की संपली. साबण लावायचा नाही, तो लाकडात मुरतो. गरम पाणी आणि ताठ ब्रश पुरे. मग उभी करून दोन दिवस वाळवायची, ओलसर ठेवली तर आठवड्यात बुरशी धरते. पॉलिश पेपरने घासून वरचा थर काढता येतो, पण तो बाहेर, तोंडाला मास्क लावून. या लाकडाच्या भुशातल्या प्लिकॅटिक आम्लाने करवतीच्या गिरण्यांतल्या काही कामगारांना दमा होतो. दुसऱ्या वेळी धूर निम्माच उरतो, तेव्हा वापरलेली फळी सॅमनपेक्षा पनीरसाठी किंवा भरताच्या वांग्यासाठी घ्यावी. वांगं आधी थेट निखाऱ्यावर साल काळी होईतो भाजायचं, उभं चिरून वीस मिनिटं फळीवर ठेवायचं आणि झाकण लावायचं.