ठरलेलं काम अन् झालेलं काम: हिशोब एक्सेलमध्ये ठेवायचा, एमएस प्रोजेक्टमध्ये का प्रायमावेरात?

माझा पुतण्या लातूरकडं छोटी सरकारी बांधकामं घेतो, शाळाखोल्या, सभागृह, एखादी पाण्याची टाकी असं. परवा फोनवर म्हणला, काका, चार साईट एका वेळी चालू झाल्यात आन् कुठलं काम किती मागं पडलंय हे मला महिन्याच्या शेवटी बिल करतानाच कळायलंय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ ते सांगा. मी बरीच वर्षं प्लॅनिंगचंच काम करायलोय, आधी रस्त्याच्या कामावर प्रायमावेरा, नंतर छत्रपती संभाजीनगरात इमारतींवर एमएस प्रोजेक्ट (दोन्ही कामाचं वेळापत्रक करायची सॉफ्टवेअरं), आणि एक्सेल तर कायम उघडंच असतं. त्याला जे सांगितलं तेच इथं जरा मोकळं करून लिहितो, कारण हा प्रश्न आपल्याकडच्या बऱ्याच कॉन्ट्रॅक्टर लोकांचा आहे.

सॉफ्टवेअरच्या आधी एक गोष्ट. साईटवर कुणालाही विचारा काम किती झालं, तो टक्क्यात सांगतो. साठ टक्के झालं साहेब. आता हे साठ टक्के दिवसांचे, मजुरांच्या तासांचे का प्लास्टरच्या मापाचे? तिन्ही वेगळे असतात, आणि कुठलं सॉफ्टवेअर ह्या तिघांना वेगवेगळं ठेवू देतं त्यावरच माझी सगळी निवड ठरते.

उदाहरण घ्या. एका शाळाखोलीचं आतलं प्लास्टर, 200 स्क्वेअर मीटर. चार गवंडी, रोज आठ तास, पाच दिवस, म्हणजे 160 तास ठरले, सोमवारी सुरू करून शुक्रवारी संपवायचं. प्रत्यक्षात तीनच गवंडी आले. बुधवारी संध्याकाळपर्यंत 72 तास भरले, माप घेतलं तर 80 स्क्वेअर मीटर झालेलं, आणि मुकादमाला विचारलं की राहिलेल्याला किती लागतील तर तो म्हणतो 120 तास लागतील, कारण सोप्या भिंती आधी मारल्या, कोपरे आणि जिना राहिलाय. आता बघा, दिवस मोजले तर पाचातले तीन गेले म्हणजे 60 टक्के. माप मोजलं तर 40 टक्के. तास मोजले तर एकूण काम आता 192 तासांचं झालं, त्यातले 72 म्हणजे 37.5 टक्के. एकाच भिंतीचे तीन आकडे, आणि तिन्ही खरे. पण शुक्रवारी काम संपणार का ह्याचं उत्तर फक्त त्या 120 मध्ये आहे. ठरलेलं, झालेलं आणि राहिलेलं, ह्यातलं राहिलेलं कुणी विचारतच नाही, बेरीज-वजाबाकी करून काढतात, 160 वजा 72 म्हणजे 88, आणि तिथंच फसतात.

एक्सेलपासून सुरू करू कारण सगळ्यांकडं तेच असतं. एक्सेलची ताकद ही की सुपरवायझरला शिकवावं लागत नाही, मोबाईलवर उघडतं, आणि हजेरी, माप, वाळू-सिमेंट सगळं एका शीटमध्ये येतं. ठरलेले तास, झालेले तास, राहिलेले तास असे तीन कॉलम करा, चौथ्यात माप, आणि आठवड्याच्या आठवड्याला बेरीज करून एस कर्व्ह (ठरलेल्या आणि झालेल्या कामाच्या चढत्या बेरजेची रेषा) काढा, चार-पाच महिन्यांच्या एका कामाला हे पुरतं, खरंच पुरतं, उगं महाग सॉफ्टवेअरच्या मागं लागू नका. त्यात नेटवर्कडेज डॉट इंटल नावाचा फॉर्म्युला आहे, त्यात रविवार एकटाच सुट्टीचा धरता येतो आणि सणांच्या तारखांची वेगळी यादी देता येते. पण प्लास्टर तीन दिवस लांबलं तर त्यामागचं पुट्टीचं, रंगाचं, फरशीचं काम आपोआप पुढं सरकत नाही, त्यासाठी तुम्हीच फॉर्म्युले बांधायचे, आणि कामं पन्नासच्या वर गेली की कुणीतरी एक ओळ मध्ये घुसवतो आन् सगळी साखळी तुटते. दुसरं म्हणजे ठरलेल्या तारखेचा कॉलम कुणीही गुपचूप बदलू शकतो. शीट लॉक करता येतं, पण साईटवर पासवर्ड किती दिवस टिकतो हे सगळ्यांना माहितीय.

एमएस प्रोजेक्टवर जास्त लिहितो कारण पुतण्यासारख्या लोकांसाठी माझं मत तिकडं झुकतं. त्यात बेसलाईन नावाची सोय आहे, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी प्लॅनचा फोटो काढून ठेवायचा. एका फाईलमध्ये असे 11 फोटो ठेवता येतात, एक मूळ आणि वर 1 ते 10. नंतर तुम्ही तारखा कितीही हलवा, बेसलाईन वर्क, बेसलाईन फिनिश हे आकडे हलत नाहीत. शेजारी वर्क, ॲक्च्युअल वर्क आणि रिमेनिंग वर्क असे कॉलम, आणि झालेलं अधिक राहिलेलं म्हणजे एकूण वर्क हे सॉफ्टवेअर स्वतः धरून चालतं. आपलं प्लास्टर त्यात भरलं, 72 झालेले, 120 राहिलेले, तर वर्क 192, बेसलाईन 160, फरक 32 तास, सरळ समोर. गवंडी तीनच ठेवले तर, शनिवार कामाचा धरून, शेवट शुक्रवारऐवजी पुढच्या मंगळवारी जातो आणि मागची सगळी कामं सोबत सरकतात. ट्रॅकिंग गँट (कामं आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) उघडलं की जुनी पट्टी खाली राखाडी आणि नवी वर, जे कुणाला समजावून सांगायचंय त्याला दाखवा, लगेच कळतं.

पण ह्यातच सगळ्यात मोठा खड्डा पण आहे. बहुतेक लोक परसेंट कम्प्लीट ह्या एकाच कॉलमात आकडा टाकतात. हा कॉलम दिवसांवर चालतो. तुम्ही 60 टाकलं की सॉफ्टवेअर समजतं पाचातले तीन दिवसांचं काम झालं, आणि ॲक्च्युअल वर्कमध्ये स्वतःहून 96 तास भरतं. आले तीन गवंडी, भरले 72, आणि फाईल म्हणते 96, फरक शून्य, सगळं बरोबर चाललंय. म्हणून तासांचा हिशोब पाहिजे असेल तर टास्क यूसेज व्ह्यू उघडायचा, उजवीकडं तारखांचे रकाने येतात, तिथं राईट क्लिक करून ॲक्च्युअल वर्कची ओळ आणायची आणि रोजचे 24-24-24 असे तास टाकायचे, मग रिमेनिंग वर्क हातानं 120 करायचं. मापाचे 40 टक्के ठेवायला फिजिकल परसेंट कम्प्लीट हा वेगळा कॉलम आहे, तो तासांना हात लावत नाही. एवढं केलं तर बाकी रिपोर्ट आपोआप नीट येतात.

अजून दोन सेटिंग. कॅलेंडर बाय डिफॉल्ट सोमवार ते शुक्रवार असतं, आपल्याकडं शनिवार कामाचा, तो चालू करा आणि ऑप्शनमध्ये आठवड्याचे 40 तास आहेत ते 48 करा, नाहीतर तुम्ही दोन आठवडे लिहिलं की ते 80 च तास धरतं. आणि स्टेटस डेट टाकायची सवय लावा. बुधवारपर्यंतचा हिशोब भरताय तर बुधवार लिहा, कारण हे सॉफ्टवेअर मागं राहिलेलं काम आपोआप पुढं ढकलत नाही, अपडेट प्रोजेक्टमध्ये जाऊन राहिलेलं काम ह्या तारखेनंतर टाक असं सांगावं लागतं, नाहीतर गेल्या सोमवारचं न झालेलं काम गेल्या सोमवारीच पडून राहतं आणि शेवटची तारीख खोटी दिसते.

इथं प्रायमावेरा पी6 पुढं आहे, हे मान्य करायलाच पाहिजे. त्यात डेटा डेट असते, म्हणजे हिशोब ज्या तारखेपर्यंतचा ती तारीख, ती पुढं नेऊन एफ9 दाबलं की डेटा डेटच्या मागं कुठलंही राहिलेलं काम शिल्लक ठेवत नाही, सगळं पुढं. शिवाय प्रत्येक कामाला टक्का कसला ते आधीच ठरवता येतं, ड्युरेशन (दिवस), युनिट्स (तास) का फिजिकल (माप), म्हणजे माझा तो तीन आकड्यांचा घोळ तिथंच मोडतो. फिजिकल निवडलं तर स्टेप्स टाकून वजनं देता येतात, टाकीच्या कामात फाउंडेशनला इतकं, कॉलमला इतकं, बाऊलला इतकं असं. शेकड्यानं-हजारानं कामं, पाच-सहा एजन्सी, वेगवेगळी कॅलेंडरं असली तर पी6 दमत नाही.

तरी पण मी पुतण्याला पी6 घे म्हणलो नाही. एक तर ते महाग आहे आणि शिकायला महिने जातात. दुसरं, त्यातले खड्डे जास्त खोल आहेत. बेसलाईन प्रोजेक्ट बनवली पण असाईन करायची विसरली तर ते चालू प्रोजेक्टलाच बेसलाईन धरतं, आणि त्यातल्या प्लॅन्ड तारखा सुरू न झालेल्या कामांबरोबर सरकत राहतात, म्हणजे उशीर झालाय आणि फरक दिसतच नाही. प्लॅन्ड ह्या नावावर विश्वास ठेवून कितीतरी जण तिथं चुकतात, तुलना करायची ती बीएल (बेसलाईन) लिहिलेल्या कॉलमशी. ऑटो कम्प्युट ॲक्च्युअल्स नावाची एक टिक आहे, ती चालू राहिली तर ठरल्याप्रमाणं काम झालं असं धरून ते स्वतःच झालेले तास भरतं. आणि झालेले तास आठवड्यावार खरे कसे पडले हे जपायचं असेल तर दर आठवड्याला स्टोअर पीरियड परफॉर्मन्स करावं लागतं, नाहीतर सुरुवातीपासून डेटा डेटपर्यंत सारखे पसरवून दाखवतं. हे सगळं सांभाळायला एक माणूस फुल टाईम पाहिजे. टेंडरमध्येच प्रायमावेराची फाईल मागितली असेल, मोठ्या रस्त्या-रेल्वेच्या कामात मागतात, तर विषयच संपला, घ्या आणि प्लॅनिंग इंजिनिअर ठेवा. नसेल मागितली तर चार शाळाखोल्यांसाठी कशाला.

पैसे अजिबात घालायचे नसतील तर प्रोजेक्टलिब्रे आहे, फुकट, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हीवर चालतं, एमएस प्रोजेक्टची फाईल उघडतं आणि बेसलाईन पण सेव्ह होते. पण परत एमपीपीमध्ये (एमएस प्रोजेक्टच्या स्वतःच्या फाईलमध्ये) सेव्ह होत नाही, एक्सएमएल करून द्यावं लागतं, म्हणजे कन्सल्टंटबरोबर फाईल इकडं-तिकडं करायची असेल तर वैताग. हात बसवायला मात्र चांगलं. गँटप्रोजेक्ट त्याहून सोपं, पण ते दिवसांवर चालतं, तासांचा हिशोब त्यात नको.

माझ्यावर बेतलेलं एक सांगतो. एका टाकीच्या कामावर पावसानं दीड महिना गेला, आम्ही सुधारित प्लॅन केला आणि तो त्याच मूळ बेसलाईनवर सेव्ह केला. पुढं मुदतवाढीचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा फाईलमध्ये ठरलेल्या तारखा आणि झालेल्या तारखा जवळजवळ सारख्या, उशीर दिसेचना, मग तो उशीर पावसानं झाला हे दाखवणार कसं. दोन आठवडे साईट रजिस्टरची पानं उलटून तारखा गोळा केल्या. तेव्हापासून मूळ बेसलाईनला मी कुणालाही हात लावू देत नाही, सुधारित प्लॅन बेसलाईन 1 मध्ये, त्यानंतरचा 2 मध्ये, आणि मध्येच नवीन काम वाढलं तर फक्त तेवढंच काम सिलेक्ट करून त्याची बेसलाईन टाकतो, कारण नाहीतर त्याचे ठरलेले तास शून्य दिसतात आणि सगळा खर्च जादाचा वाटतो.

आणि आपल्या भागाचं कॅलेंडर कुठलंच सॉफ्टवेअर आयतं देत नाही. 17 सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन, टाका. पोळा टाका. मृगाचा पाऊस पडला की पेरणीला निम्मे बिगारी गावाकडं जातात. दसरा-दिवाळी झाली की बीड, धारूर, पाटोदा भागातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि पार उन्हाळ्याच्या तोंडाला परततात, त्या काळात दहा बिगारी धरून केलेला प्लॅन पहिल्या दिवसापासून चुकीचा. एमएस प्रोजेक्टमध्ये रिसोर्सच्या माहितीत अव्हेलेबिलिटीचा तक्ता असतो, ह्या तारखेपासून ह्या तारखेपर्यंत इतकेच, असं भरा, जादा माणसं लावली की लाल दाखवतं. पी6 मध्ये पण तसंच तारखेवार भरता येतं. एक्सेलमध्ये ते तुमच्या डोक्यात राहतं, आणि चार साईट झाल्यावर डोक्यात राहत नाही. एप्रिल-मे मध्ये क्युरिंगला (सिमेंटच्या कामावर पाणी मारायला) टँकर आला नाही म्हणून थांबलेले तास पण नोट्समध्ये कारणासकट लिहा, पुढच्या कामाचा अंदाज करताना तेच उपयोगी पडतं.

शेवटी पुतण्याचं असं ठरलं. साईटवर सुपरवायझर एक्सेलमध्येच भरणार, कामाचं नाव, आज किती माणसं किती तास, माप किती, राहिलेल्याला अजून किती तास, एवढंच. दर बुधवारी संध्याकाळी तो स्वतः बसून ते एमएस प्रोजेक्टच्या एकाच मशीनवर उतरवणार, डेस्कटॉपचं एक लायसन्स पुरे. ऑनलाईनच्या भानगडीत सध्या पडू नको म्हणलं, प्रोजेक्ट ऑनलाईन तर मायक्रोसॉफ्ट 30 सप्टेंबर 2026 ला बंदच करणार असं त्यांनीच जाहीर केलंय. सुरुवात एकाच साईटनं करायची, बाकी तीन महिनाभरानं. पहिली बेसलाईन येत्या सोमवारी सेव्ह करणार आहे, त्याच्या आधी शनिवारी हप्ता वाटताना मुकादमाला शेजारी बसवून एकेका कामाचे तास परत विचारून घे म्हणून सांगितलंय, जिन्याचे आणि कोपऱ्यांचे वेगळे.