पट्टा बांधून हलकं वजन: पावसाळ्यापासून होळीपर्यंतचा अनुभव

मांडीला किंवा दंडाला हवेचा पट्टा आवळून व्यायाम करायचा हा प्रकार, ज्यांच्या गुडघ्याला किंवा खांद्याला जड वजन सोसत नाही त्यांच्या फार कामाचा आहे. ज्यांना सोसतं त्यांनी सरळ जड वजनच उचलावं. इतके महिने वापरून माझं हे मत पक्कं झालंय.

डाव्या गुडघ्यातल्या गादीचं ऑपरेशन झालं आणि यवतेश्वरच्या घाटात पळणं सुटलं. मांडी एवढी वाळली की दोन्ही पायांतला फरक नुसत्या नजरेला दिसायचा. ताकद यायला वजन हवं, आणि वजन घेतलं की संध्याकाळी गुडघा सुजलेला. यावर आमच्या साताऱ्यातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी हे पट्टे सुचवले.

ही पद्धत जपानच्या योशिआकी सातो यांची. १९६६ साली एका प्रार्थनेत बराच वेळ गुडघे मुडपून बसल्यावर पोटऱ्या व्यायाम केल्यासारख्या भरून आल्या, त्यावरून हे सुचलं असं ते सांगत. पट्टा बांधतात मांडीच्या अगदी वर, जांघेशी. रक्त आत येणं कमी होतं, पण थांबत नाही. शिरांतून परत जाणं मात्र जवळजवळ अडतं. मग मेहनतीतून तयार होणारं लॅक्टेट, फॉस्फेट वगैरे स्नायूतच साठत जातं. ऑक्सिजनवर चालणारे बारीक तंतू लवकर दमतात आणि एरवी जड वजनालाच जागे होणारे मोठे तंतू कामाला लागतात. म्हणून एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येतं त्याच्या २० ते ३० टक्के वजनही पुरतं.

पहिल्यांदा ३० वेळा पाय हलवायचा, मग तीनदा १५-१५ वेळा, मध्ये अर्धा मिनिट थांबायचं, पट्टा सोडायचा नाही. पहिले तीस सहज जातात. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर मांडी पेटते आणि शेवटच्या पंधरात पाय लटलटायला लागतो. तालमीत शेकडो बैठका मारल्यावर मांड्या जशा भरून येतात तसंच हे, फक्त एकूण ७५ वेळा पाय हलवून, आणि गुडघ्यावर भार अगदी थोडा. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजलेला नाही हे पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं.

सगळं अवलंबून आहे ते दाबावर. मॅडमनी डॉप्लर (रक्ताचा प्रवाह ऐकू येणारं यंत्र) लावून घोट्याजवळची नाडी कुठल्या दाबाला पूर्ण थांबते ते पाहिलं आणि त्याच्या निम्म्यावर सुरुवात करून दिली. साधारण ४० ते ८० टक्क्यांमध्ये ठेवतात. पट्टा रुंद असेल तर कमी दाबातही रक्त अडतं, त्यामुळे एकीचा आकडा दुसरीच्या पट्ट्याला चालत नाही. मांडी भरत गेली तसं माझंही माप पुन्हा घ्यावं लागलं. जिममधली काही पोरं सायकलची ट्यूब आवळून हेच करतात. बाळांनो, तिथे दाब किती पडतोय हे कळायला काही मार्गच नाही, नका करू.

माझ्या पट्ट्याला हातपंप आणि काटा आहे. काटा अजून बरोबर दाखवतो. व्हेलक्रो मात्र धागे अडकून सैल पडलंय, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात आतलं कापड वाळतच नाही, कुबट वास येतो. पंख्याखाली पसरून ठेवायचं.

मांडीचा घेर आता उजवीच्या जवळ आलाय. घाट चालत चढते, मधला सपाट तुकडा पळते. पण जास्तीत जास्त वजन उचलून पाहिलं तर डावा पाय अजून मागेच आहे. अभ्यासही हेच सांगतात: आकार जड व्यायामाइतका वाढतो, कमाल ताकद तेवढी वाढत नाही. म्हणून थंडीपासून मॅडमनी आठवड्यातला एक दिवस जड वजनाला दिलाय, दोन दिवस पट्टे.

ज्यांना पूर्वी शिरेत रक्ताची गाठ झालीय, रक्तदाब आटोक्यात नाही, सिकलसेल आहे, पायाच्या शिरा फुगल्यात किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टा हातात घेऊ नये. मुंग्या आल्या, पाय बधिर किंवा पांढरा पडला तर लगेच हवा सोडायची. नंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर थेट दवाखाना.

विकत घ्यायचाच तर काटा असलेला आणि आपल्या मांडीच्या मापाचा घ्या. पंप दोघी-तिघींत एक चालतो, पट्टा ज्याचा त्याचा.