फोर्ट कोची ते मट्टनचेरी: पायी फिरत, खात, आणि शनिवार सोडून

माणशी १,८०० रुपये भरून आम्ही फोर्ट कोची ते मट्टनचेरी असा चार तासांचा फूड वॉक केला. सोबत नवरा, त्याचे गुडघे आणि माझं मालवणी तोंड. खोबरेल तेलातला मासा आपल्याला जमायचा नाही, हे मी तीस वर्षं सांगत आलेय.

सुरुवात चिनी जाळ्यांपाशी. पाच-सहा जण दोर ओढतात, पलीकडचे बांधलेले धोंडे खाली येतात आणि ते अवाढव्य जाळं पाण्यातून वर निघतं. आमच्यासमोर निघालं त्यात मूठभर बारीक मासळी आणि एक प्लास्टिकची बाटली. लहानपणापासून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, बघितलेल्या बाईला याचं काय कौतुक! फोटो काढला, पुढे निघालो.

वाटेत पिकल्या नेंद्र केळ्याची भजी, म्हणजे पळम पोरी, आणि लिंबू पिळलेला बिनदुधाचा सुलेमानी चहा. मग एका खानावळीत नेमीनचं कालवण. नेमीन म्हणजे आपली सुरमई. रश्श्यात एक काळी फोड तरंगत होती, मला वाटलं आमसूल करपलं. ती कुडमपुळी. कोकमाचीच चुलत बहीण, पण धुरावर वाळवलेली, त्यामुळे आंबटामागून चुलीचा वास येतो. खोबरेल तेलाचं विसरूनच गेले. भात दोनदा मागून घेतला. (नवऱ्याने हे घरी सगळ्यांना सांगितलंय.)

आता तक्रार. बाजार रोडवर जुन्या वखारी आहेत, सुंठ-मिरीच्या वासाने नाक चुरचुरतं, हमाल पोती वाहत असतात. तिथे आम्हाला जेमतेम दहा मिनिटं. आणि ज्यू टाउनमधल्या एका शोभेच्या वस्तूंच्या दुकानात चाळीस! गाइड मालकाबरोबर चहा पीत बसला. त्यात भर म्हणून तिथलं १५६८ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बंद, कारण शनिवार, त्यांचा विश्रांतीचा पवित्र वार. तो वार फूड वॉकवाल्यांनीच सुचवला होता. पैसे परत मागितले तर नुसतं हसले.

वॉक संपल्यावर आम्ही दोघंच रिक्षाने चेरळायीला गेलो. पोर्तुगिजांच्या काळात गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांची ही वस्ती, तिरुमल देवस्थान इथलंच. पापड विकणाऱ्या आजींना आमचं मराठी कानावर पडलं. "तुम्मी खंयचे?" मी म्हटलं, "मालवणचे." त्यांनी बरणी उघडून लोणच्याची फोड माझ्या तळहातावर ठेवली आणि मी खाईपर्यंत तोंडाकडे बघत राहिल्या. पापडाची चार पाकिटं घेतली, दोन वाटेतच चुरली.

जाणार असाल तर रविवार ते गुरुवार बघा. शुक्रवारी मट्टनचेरीतला जुना राजवाडा, डच पॅलेस, बंद असतो. बाजार रोड आपला आपण फिरा, गाइड लागत नाही. पाचपैकी तीन तारे, त्यातले दीड एकट्या कुडमपुळीचे.